रस्ता चार इंचांचा, बिल सहा इंचांचे : सरकारी पैशावर पहारा कोण ठेवतो?

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीचे नाव मराठवाड्याच्या इतिहासात आले ते पैशावरूनच. जानेवारी १९४८ मध्ये, निजामाविरुद्धचा मुक्तिलढा ऐन भरात असताना, स्वातंत्र्यसैनिकांनी इथली बँक लुटली आणि तो पैसा लढ्याच्या कामी लावला. त्या काळी रयतेला खजिन्याचा हिशेब मागण्याची सोयच नव्हती. आज ती आहे. ग्रामपंचायत कायदा, माहिती अधिकार, सामाजिक अंकेक्षण, कॅग, विधिमंडळाची लोकलेखा समिती अशी पहारेकऱ्यांची मोठी रांग उभी आहे. तरीही पहिल्याच पावसात उखडलेला रस्ता, पाणी न येणारा नळ आणि कुलूप लागलेले सभागृह कुठल्याही तालुक्यात शोधायला लांब जावे लागत नाही.

मग ही रांग करते काय? कुठे तिचा उपयोग होतो आणि कुठे ती नुसतीच उभी राहते? आणि उमरीसारख्या तालुक्यातल्या एखाद्या माणसाने कुठल्याही पार्टीचा झेंडा न घेता आपल्या गावातल्या कामाचा हिशेब तपासायचा ठरवले, तर त्याच्या हातात नेमके काय असते?

वाया गेलेला पैसा म्हणजे फक्त खाल्लेला पैसा नव्हे

सरकारी पैसा वाया जातो म्हटले की आधी टक्केवारी आठवते. पण लेखापरीक्षकाच्या भाषेत उधळपट्टीचे प्रकार याहून बरेच आहेत आणि त्यातल्या काहींत कुणी एक पैसाही खिशात घातलेला नसतो. रस्ता नसताना बांधलेला पूल, डॉक्टर नसताना बांधलेले रुग्णालय, वीजजोडणी न मिळाल्याने बंद पडलेली पाणीयोजना. निधी परत जाऊ नये म्हणून मार्चअखेरीस घाईने उरकलेली खरेदी हाही त्यातलाच प्रकार. आणि सर्वांत महाग प्रकार म्हणजे उशीर.

उशीर काय करतो हे नांदेड जिल्ह्याला सांगायची गरज नाही. मुखेड तालुक्यातला लेंडी प्रकल्प हा महाराष्ट्र आणि तेलंगणा (त्या वेळचा आंध्र) यांचा संयुक्त प्रकल्प. ऐंशीच्या दशकात तो हाती घेतला गेला. भूसंपादन, पुनर्वसन आणि निधी यांच्या चक्रात तो चार दशके रखडला. दर काही वर्षांनी अंदाजपत्रक सुधारायचे आणि खर्चाचा आकडा वर सरकायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड भागात अतिवृष्टी झाली, तेव्हा प्रकल्पाच्या परिसरातल्या हसनाळसह काही गावांत रात्रीतून पाणी शिरले आणि माणसे दगावली. प्रकल्प पूर्ण नाही, पुनर्वसनाचे वाद संपलेले नाहीत आणि खर्च मात्र दर वर्षी चालू. असा पैसा ‘खाल्ला’ म्हणून कुणावर गुन्हा दाखल होत नाही. म्हणूनच त्याच्यावर कुणाचे लक्षही राहत नाही.

अमेरिकेत अशा खर्चावर डोळा ठेवणाऱ्या बिगरपक्षीय संघटना बऱ्याच आहेत. १९९५ मध्ये सुरू झालेली ‘टॅक्सपेयर्स फॉर कॉमन सेन्स’ ही त्यातली एक. अलास्का राज्यात जेमतेम पन्नास लोकवस्तीच्या बेटावर आणि तिथल्या विमानतळावर जाण्यासाठी २००५ मध्ये कोट्यवधी डॉलरचा पूल मंजूर झाला, तेव्हा ‘कुठेच न जाणारा पूल’ म्हणून तो देशभर गाजवण्यात या संघटनेचा मोठा वाटा होता. पूल मंजूर करून घेणारे रिपब्लिकन पक्षाचे आणि त्याची टर उडवणाऱ्यांत दोन्ही पक्षांचे लोक. २००७ मध्ये राज्याने तो बेत सोडला. एकच काम धरायचे, त्याचा खर्च आणि उपयोग समोरासमोर मांडायचा आणि मंजुरी कोणत्या पक्षाने दिली हे बघायचे नाही, अशी ही पद्धत. मराठवाड्यात ती वापरणारे लोक होते आणि आहेत. फक्त त्यांच्या पाठीशी मोठ्या संघटना नाहीत.

कॅग नेमके काय करते?

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग. राज्यघटनेच्या १४८व्या कलमाने हे पद निर्माण केले. सरकार बदलले म्हणून कॅगला घरी पाठवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्याची जी अवघड पद्धत, तीच इथेही. कॅगचे लोक बिलाला पावती आहे का एवढेच पाहत नाहीत. काम काटकसरीने झाले का, पैशाच्या मानाने काम पुरेसे झाले का आणि ज्यासाठी खर्च केला ते साधले का, हे तीन प्रश्न ‘कामगिरी लेखापरीक्षणा’त विचारले जातात. तिसरा प्रश्न सर्वांत अडचणीचा, कारण पावत्या सगळ्या बरोबर असूनही त्याचे उत्तर ‘नाही’ असे येऊ शकते.

कॅगला जे करता येत नाही तेही माहीत असावे. चालू काम थांबवणे, कुणावर गुन्हा दाखल करणे किंवा कुणाकडून वसुली करणे हे तिच्या अधिकारात नाही. अहवाल राज्यपालांकडे जातो, तिथून विधिमंडळात आणि मग लोकलेखा समितीकडे. संकेत असा की या समितीचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो. पण अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, म्हणजे चर्चा होण्याआधीच सभागृह उठते. शिवाय ज्या वर्षांचा हिशेब तपासला ती दोन-चार वर्षे मागे गेलेली असतात. अधिकारी बदललेले, ठेकेदाराची अनामत परत गेलेली.

गावपातळीवर पहिला पहारेकरी कॅग नसते. तिथे स्थानिक निधी लेखापरीक्षेचे लोक येतात. त्यासाठीचा कायदा १९३० सालचा आहे. ते ‘आक्षेप’ काढतात, ग्रामपंचायत ‘अनुपालन’ पाठवते. एखाद्या आक्षेपाची रक्कम वसूल होईपर्यंत किंवा आक्षेप वगळला जाईपर्यंत तो कागदावर राहतो. किती वर्षे, याला धरबंध नसतो. विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात येणार म्हटले की हेच जुने आक्षेप अचानक आठवतात आणि जिल्हा परिषदेत फायलींची एकच धावपळ उडते.

दोन सरकारे, दोन अहवाल

पहारेकरी कुणाच्या बाजूचा आहे हा प्रश्न महाराष्ट्रात दोनदा मोठ्याने विचारला गेला. दोन्ही वेळा विषय पाण्याचा होता आणि दोन्ही वेळा मराठवाडा त्याच्या मध्यभागी होता.

पहिली वेळ २०१२ ची. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालातून असे चित्र पुढे आले की दहा वर्षांत सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण अवघे ०.१ टक्क्याने वाढले. त्याच काळात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाले होते. हा आकडा कुणा विरोधी नेत्याने काढलेला नव्हता, तो सरकारच्याच पुस्तकात होता. त्याच वर्षी जलसंपदा विभागातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांचे पत्र बाहेर आले. प्रकल्पांच्या किमती फुगवल्या जात आहेत आणि उपसा सिंचन योजनांवरचा बराचसा खर्च वाया गेला आहे, असे नोकरीत असलेला अधिकारी लेखी म्हणत होता. मोठे राजकीय वादळ उठले. सरकारने नोव्हेंबर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका काढली, ०.१ टक्क्याचा अर्थ तसा नाही असा खुलासा केला आणि पुढे जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमले. त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला.

यातली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. त्यानंतरच्या काही वर्षांच्या आर्थिक पाहणी अहवालांत सिंचित क्षेत्राच्या टक्केवारीच्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ असे छापून येऊ लागले. ज्या आकड्याने घोळ उघडा पडला तो आकडाच नाहीसा झाला. सरकार बदलले तरी रकाना लगेच भरला गेला नाही. पक्षाचा विचार करणाऱ्याला हे दिसत नाही, हिशेबाचा विचार करणाऱ्यालाच दिसते.

ते पाहणाऱ्यांत औरंगाबादच्या वाल्मी संस्थेतून निवृत्त झालेले प्रा. प्रदीप पुरंदरे होते. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याप्रमाणे आधी राज्याचा एकात्मिक जल आराखडा व्हायला हवा, मग त्याच्या चौकटीत प्रकल्प. आराखडा झालाच नाही आणि प्रकल्पांना मान्यता मात्र मिळत गेल्या. पुरंदरे यांनी २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका केली. आराखड्याविना मंजूर झालेले सुमारे १९० प्रकल्प प्रश्नाच्या घेऱ्यात आले, न्यायालयाने नव्या मान्यता रोखल्या आणि रखडलेला आराखडा हलला. या लढाईत घोषणा, मोर्चा असे काही नव्हते. सरकारनेच केलेला कायदा सरकारला वाचून दाखवला, इतकेच.

दुसरी वेळ जलयुक्त शिवारची. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या अभियानाचे उद्दिष्ट होते २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करण्याचे. मराठवाड्यात त्याला प्रतिसाद मोठा होता. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात कुणी नाला खोल करायला पोकलेन पाठवतो म्हटले तर गाव पदरचे डिझेल घालायला तयार होते. लोकांनी खरोखर वर्गणी काढली. त्यामुळे या योजनेवर टीका करणे म्हणजे पाण्यालाच विरोध, असे वातावरण तयार झाले.

तरीही टीका झाली. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले. माथा ते पायथा हा पाणलोटाचा क्रम सोडून सरसकट नाले रुंद आणि खोल करणे अशास्त्रीय आहे, हे त्यांचे म्हणणे. त्यातून माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये कॅगचा अहवाल विधिमंडळात आला. कॅगने १२० गावे नमुन्यादाखल तपासली होती. निष्कर्ष असा की ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा परिणाम अल्प राहिला.

मग जे झाले ते ठरलेलेच. २०१२ मध्ये ज्यांना लेखापरीक्षण म्हणजे राजकीय कट वाटला होता त्यांनी २०२० मध्ये कॅगचा अहवाल डोक्यावर घेतला आणि २०१२ मध्ये आकड्यांचे फलक नाचवणाऱ्यांना आता नमुन्याची पद्धत सदोष वाटू लागली. नव्या सरकारने खुल्या चौकशीचे आदेश दिले. सरकार पुन्हा बदलले तेव्हा ‘जलयुक्त शिवार २.०’ आले. या सगळ्यात पुरंदरे आणि देसरडा यांची भूमिका मात्र फिरली नाही. दोघांनीही आधीच्या धरण-धोरणावर टीका केली होती, नंतरच्या नाला-खोलीकरणावरही केली. निःपक्ष कोण हे तपासायचे असेल तर त्या माणसाचा प्रश्न सरकार बदलल्यावर बदलतो का, हे पाहावे. याहून चांगली कसोटी सापडणे अवघड आहे.

गावात ‘तू कुणाकडचा?’ हा पहिला प्रश्न

मुंबईत किंवा खंडपीठात निःपक्ष राहणे एक वेळ सोपे. उमरी, धर्माबाद, भोकर या पट्ट्यातल्या दीड-दोन हजार वस्तीच्या गावात ते फार कठीण. गावात दोन पार्ट्या असतात आणि प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या पार्टीचे धरलेले असते. कुणी नालीच्या कामाचा कागद मागितला की कागदाआधी त्याचा बोलविता धनी शोधला जातो. निवडणुकीत पडलेल्या गटाने अर्ज टाकायचा, सत्ताधारी गटाने सगळी उत्तरे दाबायची, पाच वर्षांनी भूमिका उलट. अशा अर्जांतून नालीची जाडी कधीच बाहेर येत नाही, कारण ती कुणाला जाणून घ्यायचीच नसते.

यावर एक उपाय सीमेपलीकडे, तेलंगणात, त्या वेळच्या एकत्रित आंध्रात तयार झाला. मूळ कल्पना राजस्थानची. तिथे मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून ‘जनसुनवाई’ सुरू केल्या. गावच्या हजेरीपटावरची नावे चौकात मोठ्याने वाचायची. मेलेल्या माणसाच्या नावावर मजुरी निघाली असली की गाव हसायचे आणि मग चिडायचे. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथली. १९९६ मध्ये ब्यावरला झालेल्या धरण्यातून माहिती अधिकाराच्या मागणीला देशभर बळ मिळाले. आंध्र सरकारने २००६ पासून हीच पद्धत रोजगार हमीच्या कामांना लावली आणि २००९ मध्ये त्यासाठी वेगळी स्वायत्त सोसायटी काढली. गावातल्याच शिकलेल्या मुलामुलींना तयार करायचे, पण त्यांना स्वतःच्या गावात तपासणीला पाठवायचे नाही. दुसऱ्या गावात पाठवायचे. घरोघर जाऊन जॉबकार्ड बघायचे, कामाची मापे घ्यायची आणि जाहीर सभेत वाचून दाखवायचे. तपासणारा गावाबाहेरचा, पण मजूर-शेतकऱ्याच्याच घरचा. ‘कुणाकडचा?’ या प्रश्नाला यामुळे उत्तरच उरत नाही.

केंद्र सरकारने २०११ च्या नियमांनी हे सामाजिक अंकेक्षण दर सहा महिन्यांनी करणे सर्व राज्यांना बंधनकारक केले. महाराष्ट्रातही त्यासाठी स्वतंत्र सोसायटी आहे. खरे तर महाराष्ट्र याबाबतीत सर्वांच्या पुढे असायला हवा होता. रोजगार हमीची कल्पनाच इथली, वि. स. पागे यांची, आणि तिचा कायदा १९७७ चा. १९७२ च्या दुष्काळापासून मराठवाड्याला ‘मस्टर’ हा शब्द माहीत आहे, आणि ‘बोगस मस्टर’ हाही. पण जाहीर सभेत नावे वाचण्याची धिटाई आपल्याकडे अंगवळणी पडली नाही. अंकेक्षणाची ग्रामसभा अनेकदा सह्यांपुरती उरते आणि देशभरातच अंकेक्षणात सापडलेल्या रकमेच्या मानाने वसुली फार कमी होते.

सहा इंच आणि चार इंच

आता हातातल्या कामाकडे. गावात सिमेंट रस्ता झाला. समजा लांबी १०० मीटर, रुंदी ३ मीटर आणि अंदाजपत्रकात काँक्रीटची जाडी १५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे सहा इंच. तिन्हींचा गुणाकार ४५ घनमीटर. प्रत्यक्षात जाडी १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंच भरली, तर काँक्रीट लागले ३० घनमीटर. १५ घनमीटर कुठे गेले? ट्रॅक्टरवाल्याच्या भाषेत पाच ब्रासहून जास्त. कामाचा तिसरा हिस्सा. लांबी आणि रुंदी चोरता येत नाही, ती उघड दिसते. चोरी जाडीत होते.

हे तपासायला इंजिनिअर लागत नाही, तीन कागद लागतात. पहिला अंदाजपत्रक, ज्यात काय करायचे ते असते. दुसरा मोजमाप पुस्तिका, म्हणजे ‘एमबी’, ज्यात शाखा अभियंत्याने काय झाले म्हणून लिहिले ते असते. तिसरा देयक, म्हणजे किती पैसे दिले. अंदाजपत्रक आणि देयक जुळणारच, ते जुळवलेलेच असतात. एमबी आणि जमीन जुळते का, एवढेच पाहायचे. रस्त्याची कड उघडी असेल तिथे पट्टी लावली तरी अंदाज येतो. कामाच्या फलकावर, किंवा ठेकेदाराशी झालेल्या करारात, ‘दोष दायित्व कालावधी’ लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने पदरच्या पैशाने करायची असते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांना ही देखभाल पाच वर्षांची. मुदत चालू असताना त्याच रस्त्याच्या दुरुस्तीसाठी नवा निधी टाकला गेला, तर तो सरळसरळ दुबार खर्च. असे प्रकार केवळ तारखा शेजारीशेजारी ठेवल्या तरी दिसतात.

काही माहिती अर्जाशिवायही मिळते. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशाचा खर्च ‘ई-ग्रामस्वराज’ या सरकारी संकेतस्थळावर आणि ‘मेरी पंचायत’ या ॲपवर मोबाइलवरच दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीपैकी ६० टक्के ‘बंधित’ होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. ऑनलाइन नोंदीत हातपंप दुरुस्ती दाखवली आहे आणि हातपंप तर तीन वर्षांपासून गंजतोय, हे गावातल्या कुणालाही कळते. दिल्लीतल्या लेखापरीक्षकाला ते कळणार नाही.

न दिसणारी माहिती माहिती अधिकारातून. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००२ चा, अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने रेटलेला. देशाचा २००५ चा. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस. पानाला २ रुपये. नाही मिळाले तर ३० दिवसांत पहिले अपील, मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. नांदेडसाठी आयोगाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. ‘माझ्या गावात भ्रष्टाचार का झाला?’ असा अर्ज टाकला तर उत्तर मिळत नाही, कारण कायदा कागद देतो, खुलासा देत नाही. ‘अमुक कामाच्या एमबीची प्रमाणित प्रत’ असा मागितला तर तो टाळणे अवघड जाते.

कायद्यातली दोन कमी वापरली गेलेली हत्यारे आहेत. कलम २ प्रमाणे नागरिकाला केवळ कागदच नव्हे, तर चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा अधिकार आहे. वाळूचा, सिमेंटचा, पाइपचा. दुसरे म्हणजे नोव्हेंबर २०१८ चा राज्य सरकारचा आदेश : जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे. ही पद्धत आधी पुण्यात महापालिकेत रुळली होती. सोमवार हा उमरीच्या माणसाला नांदेडला जिल्हा परिषदेत जायला गैरसोयीचा वार नाही.

अडते कुठे?

अडते पुष्कळ ठिकाणी. माहिती आयोगाकडची रांग इतकी लांब की २०२४ च्या मध्यात महाराष्ट्रात १ लाखाहून अधिक अपिले आणि तक्रारी प्रलंबित होत्या. दुसरे अपील निघेपर्यंत रस्त्याचा दोष दायित्व कालावधी संपून जातो. माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड कायद्यात आहे. तो लागल्याचे गावात कुणी ऐकलेले नसते.

तंत्रज्ञानाने चोरी थांबेल ही आशाही अर्धीच खरी ठरली. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणे सक्तीचे झाले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले की कामाशी संबंध नसलेले फोटो टाकले जात आहेत, फोटोचाच फोटो काढून चढवला जात आहे. मस्टर बोगस होतेच, आता त्याला छायाचित्र जोडलेले आहे.

नोव्हेंबर २०२५ पासून आणखी एक अडचण आली. वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मधली व्यक्तिगत माहितीची तरतूद बदलली. पूर्वी सार्वजनिक हिताचा संबंध दाखवला की नावे मिळू शकत. नव्या शब्दरचनेत ‘वैयक्तिक माहिती’ एवढे कारण नकाराला पुरते. लाभार्थ्यांची यादी, मस्टरवरची नावे हीच तर चौकात वाचायची गोष्ट होती. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते हे दुसरे उपकलम शिल्लक आहे, पण तिथपर्यंत भांडत जाणार कोण?

भीती ही अडचण सर्वांत जुनी. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमीन व्यवहारांची माहिती बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. त्यानंतर प्रत्येक जिल्ह्यात अर्जदाराच्या घरचे पहिले वाक्य एकच : नको त्या भानगडीत पडू नकोस. दुसऱ्या बाजूला अर्जाचाच धंदा करणारेही आहेत. अर्ज टाकायचा, कागद हातात येण्याआधी ठेकेदाराला फोन करायचा आणि मिटवून घ्यायचे. अशा एका माणसामुळे पुढच्या दहा प्रामाणिक अर्जांची किंमत जाते. हा भेद लोकांना कळावा म्हणून काही जुने कार्यकर्ते साधा नियम पाळतात. मिळालेला कागद त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. सगळ्यांच्या हातात गेलेल्या कागदाचा सौदा होत नाही, आणि एकट्याला धमकावून उपयोगही राहत नाही.

ग्रामसभेत कोणता कागद मागायचा?

अर्ज, अपील, आयोग या सगळ्याच्या आधी एक पायरी आहे आणि ती फुकट आहे. ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला १०० माणसे किंवा मतदारांच्या १५ टक्के, यातली कमी असेल ती संख्या लागते. ती भरली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. गावाच्या हिशेबाला मंजुरी बऱ्याचदा अशाच दुसऱ्या सभेत, दहा-बारा माणसांत मिळून जाते. पहिल्या सभेला शंभर माणसे बसली तर तोच ठराव इतक्या सहज निघत नाही.

याच कायद्याचे कलम ८ सांगते की आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे गेल्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी तिच्या उत्तरांसह ठेवलीच पाहिजे. ठेवायची जबाबदारी ग्रामपंचायतीची, म्हणजे सरपंच आणि ग्रामसेवक (नवे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) यांची. जमाखर्च बहुतेक ठिकाणी घाईने का होईना, वाचला जातो. टिप्पणी वाचली जात नाही. आधीची पार्टी असो की आताची, दोघांच्या काळातले आक्षेप तिच्यात शेजारीशेजारी असतात, रकमेसह. ती मागताना कुणाचे नाव घ्यावे लागत नाही, फक्त ‘शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी आणि तिचे अनुपालन सभेपुढे वाचावे’ असे म्हणून ते इतिवृत्तात लिहून घ्यावे लागते.

ही पहिली सभा बहुतेक गावांत १ मे रोजी, झेंडावंदन झाल्यावर भरते.